आपल्याच शेतात गाईड

ग्रीसमधल्या या गावात त्या जागेला कोणी प्राचीन नगर म्हणत नाही. हमरस्त्यावरच्या तपकिरी पाटीवर तसे लिहिलेले आहे, तिकिटाच्या खिडकीवरही आहे. पण गावकरी नुसते 'कुंपण' म्हणतात. अमका कुंपणात कामाला आहे, तमक्याची बकरी कुंपणात शिरली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ते घातले गेले तेव्हा त्याच्या उत्तर कोपऱ्यात कानेलाची ऑलिव्हची बाग होती. बेचाळीस झाडे, वडिलांनी लग्नात आंदण दिलेली. सरकारी कागद आला आणि ऑक्टोबरात झाडे तोडली गेली, फळ अंगावर असताना. कानेलाने त्यानंतर कुंपणाच्या आत पाऊल टाकले नव्हते.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी, चर्चमध्ये गेलेल्यांची नावे वाचतात त्या मृतांच्या शनिवारच्या आदल्या सकाळी, ती मुलीचा हात धरून फाटकाशी उभी राहिली तेव्हा पहारेकरी पानागोस खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"कानेलामावशी! तू इथे? आज सूर्य कुठून उगवलाय?"

"कुठूनही उगवू दे, मला तो नीट दिसत नाही," कानेला म्हणाली. "तिकीट किती?"

"तुला तिकीट? मग उद्या तू मला तुझ्या स्वयंपाकघरात शिरायचं तिकीट मागशील."

"बरं. मग एक गाईड बघून दे."

पानागोस हसला, पण जरा उशिरा हसला. "आपल्याच शेतात गाईड? मावशी, कॉफीच्या दुकानात कळलं तर महिनाभर पुरेल त्यांना. म्हणतील, कानेला आता स्वतःच्या पलंगापर्यंत जायलाही माणूस लावते."

"लावावाच लागणार आहे. डॉक्टर म्हणाला, ईस्टरपर्यंत दिसेल, पुढचं सांगत नाही. मधोमध सगळं धुरकट झालंय, कडा तेवढ्या उरल्यात." तिने मान तिरकी करून त्याच्याकडे कडेने पाहिले. "तू जाडा झालास."

पानागोसने तिच्या मुलीकडे, असिमीनाकडे पाहिले. असिमीनाने नजर खाली वळवली. दोघांनाही तीच गोष्ट ठाऊक होती, आणि दोघांनाही ठाऊक होते की दुसऱ्याला ती ठाऊक आहे.

असिमीना पन्नाशीची. पात्रासला एका औषधांच्या दुकानात काम करायची. वडील गेल्यापासून दर पंधरवड्याला आईकडे यायची. वडील ऑक्टोबरात गेले, त्रिपोलीच्या इस्पितळात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि तिला जवळ बोलावले.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "लाल माती. खाली खडक. बस."

"कुठे, बाबा?"

"तिच्या झाडांखाली. तिला आत जायचं झालं तर तू ने. गाईड घेऊ देऊ नकोस. पानागोसला माहितीये. त्याच्या बापालाही माहीत होतं." मग नळी पुन्हा लावून घेतली. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

असिमीनाला आधी नीट समजलेच नाही. समजले तेव्हा आठवला तो गुरुवार. कार्निव्हलच्या आधीचा, गावभर मांस भाजल्याचा वास असतो तो. ती नऊ वर्षांची होती. झाडे तोडल्यापासून आई वडिलांशी एक शब्द बोललेली नव्हती. कागदावर सही त्यांनी केली होती, आणि वर त्याच उत्खननावर मजूर म्हणून लागून त्याच शेतात कुदळ मारत होते. आई ताट वाढायची, चूल पेटवायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. त्या गुरुवारी वडील आत आले, टोपी काढली आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "कानेला, तुझ्या झाडांखाली घर निघालं. एका बाईचं."

आई मांस उलटत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कोण बाई?"

"तिमो. दगडावर नाव कोरलंय."

तिथून पुढे तिमो त्यांच्या घरात राहायला आली. कधी वडिलांनी तिची चूल सांगितली, कधी मागाला लटकवायचे मातीचे गोळे, कधी हाडाचा कंगवा. एका वर्षी तिचा फुटका रांजण निघाला, शिशाने सांधलेला. "काटकसरी असणार," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरातले काही फुटले की टाकून द्यायच्या आधी म्हणायची, तिमोने हे ठेवलं असतं. सगळ्या वस्तू अथेन्सला संग्रहालयाच्या कोठारात गेल्या, असे वडील सांगत. उंबरठा तेवढा जागेवर आहे, पूर्वेकडे तोंड करून.

आणि दर वर्षी मृतांच्या शनिवारी, चर्चमध्ये पाद्रीबाबांना द्यायच्या कागदावर, आई-वडील, सासू-सासरे, थोरला भाऊ अशी नावे लिहून झाली की कानेला शेवटी लिहायची: तिमो. येशूच्या आधी मेलेल्या बाईसाठी ख्रिस्ती प्रार्थना. बारा वर्षांपूर्वी नवे पाद्री आले तेव्हा त्यांनी विचारले होते, ही कोणत्या घरातली? कानेला म्हणाली, "शेजारीण." पाद्रीबाबा सगळ्यांची नावे मोठ्याने वाचत आणि अख्खे गाव ते नाव खाली माना घालून ऐके. त्या कोपऱ्यात काय निघाले होते, हे अर्ध्या गावाला ठाऊक होते. एकानेही कधी तोंड उघडले नाही.

"मी दाखवते ना तुला," असिमीना आता म्हणाली. "गाईड कशाला? शाळेत असताना चार वेळा आलेय मी."

"शाळेत असताना तू दगडांमागे लपून त्या कुंभाराच्या पोराशी बोलायचीस. त्याला येणं म्हणत नाहीत." कानेला फाटकाजवळच्या बाकावर बसली. "ती बसवाली मुलगी मोकळी दिसतेय. विचार तिला."

मिरसिनी तिकिटाच्या खोलीमागे उन्हात कागदी पेल्यातून कॉफी पीत होती. पस्तिशीची, गळ्यात गाईडच्या सरकारी परवान्याचा बिल्ला, पायात मळलेले जाड बूट. तिचा एक गट नुकताच बसमध्ये चढला होता. असिमीनाने तिला तिमोचे आणि उंबरठ्याचे सांगितले, उभ्या उभ्या, हलक्या आवाजात. सांगताना तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटत होती.

"म्हणजे मी खोटं सांगू," मिरसिनी म्हणाली.

"एक उंबरठा. एवढंच. ती म्हातारी आहे, ताई. तुमचं काय जातं?"

मिरसिनीने बिल्ल्याला हात लावला, जणू तो जागेवर आहे ना हे पाहावे. "अडीच वर्षं शिकलेय मी यासाठी. इथे सहा वर्षांचं पोर विचारू दे नाहीतर मंत्री, मी तेच सांगते. आज तुमच्या आईला एक उंबरठा देईन, उद्या कुणी म्हणेल माझ्या आजोबांच्या शेतात राजवाडा होता म्हणून सांगा." तिने कॉफीचा घोट घेतला. "जे विचारणार नाहीत ते मी आपणहून सांगायला जाणार नाही. तो कोपरा तसाही आमच्या फेरीत नसतो. पण विचारलं तर उत्तर देईन. त्यापेक्षा मला घेऊच नका. त्यांना सांगा, मोकळी नाही."

ते सर्वांत सोपे होते. असिमीना तसेच सांगायचे ठरवून परत आली.

कानेला बाकावर ताठ बसली होती. चर्चला घालायचा काळा कोट, चांगले बूट. मांडीवर गाठ मारलेला पांढरा रुमाल, आणि त्यात ओंजळभर कोलिवा: उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, वर साखर. मृतांच्या नावाने वाटतात ते. सकाळी असिमीनाने विचारले होते, आजच कशाला, उद्या चर्चमध्ये वाटूच की. कानेला म्हणाली होती, "हे तिचे. तिच्या दारात ठेवायचे आहेत."

"तीन वेळा म्हटलं मी तुझ्या बापाला, ने मला आत," कानेला म्हणाली. मुलगी जवळ आल्याचे तिला पावलांवरून कळले होते. "एकदा म्हणाला पाय मुरगळलाय, एकदा म्हणाला ऊन आहे. लोकांना वाटायचं मी रागाने जात नाही. राग तर कधीच गेला होता. मला तो उंबरठा हाताने चाचपायचाय, असिमीना. डोळे नसले तरी हात सांगतो दगड किती झिजलाय ते. किती वर्षं तिने ये-जा केली ते."

असिमीनाला ते दृश्य स्पष्ट दिसले. गाईड घेतली नाही तर आईला त्या कोपऱ्यात तिलाच न्यावे लागणार. तिथे गवतातला कुठला तरी दगड शोधायचा, आईचा हात धरून त्यावर ठेवायचा आणि म्हणायचे, हाच. आई तो बोटांनी वाचत बसणार आणि आपण बाजूला उभे राहून ते बघत राहायचे. वडिलांनी आयुष्यभर शब्दांनी जे केले ते तिला हाताने करायचे होते. ते तिच्याच्याने होणार नव्हते.

"मोकळी आहे ती," असिमीना म्हणाली. "येतेय."

पानागोस फाटक उघडताना तिच्या कानाशी पुटपुटला, "काय करतेस हे?"

"आई थकेल," ती म्हणाली. "तिथवर पोचणारच नाही." तिला खरोखर तसे वाटत होते.

पण कानेला थकली नाही. मिरसिनी तिच्या पावलाने चालत होती, दर वळणावर थांबत होती आणि बसमधल्या लोकांना सांगतात त्यापेक्षा साधे सांगत होती. इथे बाजार. इथे पाण्याचा पाट. ही देवळाची पायरी, यावर बळी द्यायच्या जनावरांची हाडं सापडली.

"इथे म्हाताऱ्या स्पिलिओसचं खळं होतं," कानेला म्हणाली. "त्याचं गाढव इथेच मेलं. हाडं नीट बघितलीत ना?"

मिरसिनी मोठ्याने हसली. "आजी, तुम्ही वरचं सांगा, मी खालचं सांगते."

"म्हणूनच घेतली तुला. वरचं मला पाठ आहे."

नाट्यगृहाशी कानेला एका दगडी आसनावर बसली आणि विचारले की बायका कुठे बसायच्या. मिरसिनी म्हणाली, त्याबद्दल वाद आहे. काही म्हणतात वर, काही म्हणतात येतच नसत. कानेलाला उत्तर आवडले. "ठाऊक नाही म्हणतेस हे बरं करतेस," ती म्हणाली. आईचा या मुलीवर विश्वास बसत चालला होता.

शेवटच्या स्तंभांपाशी मिरसिनी परतीच्या वाटेला वळली. कानेला वळली नाही. बदामाला मोहर आला होता आणि त्यापलीकडे उतारावर नुसते गवत होते. त्या बाजूला तिने काठी रोखली.

"आणि ते?"

मिरसिनीने असिमीनाकडे पाहिले. पुढे होऊन काहीतरी बोलायला असिमीनाला पुरेसा वेळ मिळाला होता. ती बोलली नाही.

"तिमोचं घर," कानेला म्हणाली. "तू ते दाखवत नाहीस का?"

"आजी," मिरसिनी म्हणाली, "तिथे घर नाही."

"मोडलंय, ठाऊक आहे मला. उंबरठा तर आहे."

"नाही. तिथे काही निघालं नाही. सहा चर घेतले होते, तीन आठवडे काम चाललं. लाल माती आणि खाली खडक. त्या बाजूला कधी कुणी काही बांधलंच नव्हतं. शेतच होतं ते, तेव्हाही."

कानेलाने मान तिरकी केली, कडेने नीट पाहता यावे म्हणून, आधी मिरसिनीकडे, मग मुलीकडे. असिमीनाचे रडे तिला दिसले की नाही कोण जाणे; ऐकू मात्र आले असावे.

"तुला माहीत होतं."

"ऑक्टोबरपासून. बाबांनी सांगितलं."

"मग झाडं कशाला तोडली?"

मिरसिनी म्हणाली, "बघितल्याशिवाय कळत नाही, आजी," पण तिला स्वतःलाच ते अपुरे वाटले.

कानेला उतारावरून खाली चालू लागली. असिमीनाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. गवताच्या मध्यावर ती थांबली आणि काठीने जमीन टोकरली. माती लाल होती.

"थ्रासोस," ती म्हणाली. हाक मारावी तसे नाही. चुकीची बेरीज पुन्हा वाचावी तसे.

मिरसिनी मागून येत होती, ती जागीच थबकली. "तुमचे यजमान... थ्रासीवुलोस? या खणण्यावर होते ते?"

"एकतीस वर्षं."

"आजी, त्यांच्याबद्दल उत्खननाच्या रोजनिशीत आहे." मिरसिनीचा आवाज बदलला होता. "परवान्याच्या परीक्षेआधी मी इथल्या सगळ्या रोजनिश्या वाचल्या. उत्खननाच्या साहेबांनी लिहिलंय: उत्तर कोपरा बंद केला, मजूर थ्रासीवुलोस ऐकत नाही. आणखी खोल जाऊ द्या म्हणतो. मजुरी नको म्हणतो. साहेबांनी त्यांना किल्ली दिली. दर रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ते एकटे खणायचे. शेवटी खडक लागला तेव्हा साहेब बघायला गेले, तर हे चराच्या तळाशी बसलेले होते. साहेबांनी विचारलं, काय शोधतोस? तर म्हणाले, काहीही चालेल. मी हे गटांना सांगते. गंमत म्हणून. लोक हसतात. मला माहीत नव्हतं ते कोण होते."

असिमीना नऊ वर्षांची होती तेव्हाचे रविवार तिच्यासमोर उभे राहिले. वडील पायरीवर बसून पाव आणि कांदा खात होते. बूट दाराबाहेर काढून ठेवलेले, घोट्यापर्यंत लाल.

"किती रविवार?" कानेलाने विचारले.

"नऊ. जानेवारीच्या अखेरीपर्यंत."

"नऊ." तिने मान हलवली. "मला वाटायचं पलीकडच्या गावात पत्ते खेळायला जातो. लाजेने चर्चमध्ये येत नाही आणि तिकडे जाऊन पत्ते खेळतो. बुटांची माती मी बघायचे. म्हणायचे, चिखलातून एवढा लांब जातो, जाऊ दे." तिने काठी पुन्हा मातीत रोवली. "त्या रविवारी मी त्याचं जेवण काढून ठेवत नव्हते. उरलेलं त्याच्यादेखत कुत्र्याला घालायचे. एका शब्दाने बोलला नाही. पाव घेऊन बाहेर जाऊन बसायचा."

"आई..."

"आणि मग कार्निव्हलला येऊन मला बाई दिली."

तिने रुमालाची गाठ सोडायला घेतली. बोटे नीट चालेनात, म्हणून असिमीनाने सोडली. पानागोस एव्हाना वरून उतरून आला होता, गळ्यातली शिट्टी मुठीत धरून. आत खायला बंदी आहे, दिवसातून वीस वेळा तो ती शिट्टी त्यासाठी फुंकतो. आज ती त्याने शर्टाच्या आत सारली. कानेलाने सगळ्यांच्या तळहातांवर थोडे थोडे गहू घातले: मिरसिनीच्या, पानागोसच्या, मुलीच्या.

"थ्रासोसच्या नावानं घ्या," ती म्हणाली.

"देव त्याला क्षमा करो," तिघे म्हणाले. मेलेल्याच्या नावाचे गहू तोंडात टाकताना तसेच म्हणायचे असते. कानेलाने आपल्या वाट्याचे तोंडात टाकले, बराच वेळ चावले. तिने मात्र ते शब्द म्हटले नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी असिमीना चर्चचा कागद लिहायला बसली. आता आईला लिहिता येत नव्हते. कानेलाने नावे सांगितली: आई, वडील, सासू, सासरे, भाऊ. मग थ्रासीवुलोस. मग ती उठून ताटे घ्यायला लागली.

असिमीना पेन धरून थांबली. "आणि?"

"आणि काय? झालं."

"आई, एक नाव लिहिलं तर कुणाचं काय..."

"जी जन्मलीच नाही ती मरेल कुठून? झालं म्हटलं ना." तिने दोनच ताटे मांडली, मग फडताळाकडे परत गेली, तिसरे काढले, थोडा वेळ हातात धरले आणि जागच्या जागी ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेले होते. पाद्रीबाबा एकेका घराचा कागद उचलून नावे वाचत होते. कानेलाच्या घराची नावे वाचत ते थ्रासीवुलोसपाशी आले, आणि बारा वर्षांच्या सवयीने पुढच्या नावासाठी त्यांनी श्वास घेतला. कागदावर पुढे काही नव्हते. त्यांनी तो उलटून पाहिला, मागेही नव्हते. शेवटच्या रांगेत पानागोसने मान खाली घातली. त्याच्या शेजारच्यानेही घातली, आणि मग रांगेमागून रांग, काही न विचारता. कानेला समोर पाहत उभी होती, जिथे तिला आता फक्त मेणबत्त्यांचा धूसर उजेड दिसत होता.

पाद्रीबाबांनी पुढच्या घराचा कागद उचलला.